गावात राहतंय कोण आणि गाव चालवतंय कोण?

(कोकणातल्या तरुण-तरुणींच्या एका प्रशिक्षण वर्गात निवृत्त ग्रामविकास अधिकाऱ्याने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



आयोजकांनी मला विषय दिलाय, 'ग्रामीण जिल्ह्याची लोकसंख्या आणि प्रशासन'. विषय ऐकल्याबरोबर मागच्या रांगेतल्या दोघांनी मोबाईल बाहेर काढले. काढा, हरकत नाही. मी आकडे सांगणार आहे, ते तिथल्या तिथे तपासून घ्या. ग्रामसभेतही हेच करायचं असतं.

माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात झाली. आधी ग्रामसेवक, मग ग्रामविकास अधिकारी. खाडीपट्ट्यातली गावं माझ्या वाट्याला जास्त आली. म्हणून मी रत्नागिरीबद्दलच बोलतो. तुमच्यातले जे रायगडचे, सिंधुदुर्गचे किंवा घाटावरचे आहेत त्यांनी आपापल्या जिल्ह्याशी ताडून बघावं.

सुरुवात एका आकड्यापासून करू. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती 16,96,777. 2011 ला ती झाली 16,15,069. म्हणजे दहा वर्षांत 81,708 माणसं कमी. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली. राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहराचं कारण वेगळं. तिथून माणसं उपनगरांत आणि ठाण्याकडे सरकली. आपल्याकडून माणसं सरळ निघूनच गेली.

आता दुसरा आकडा. 2011 ला जिल्ह्यात पुरुष होते 7,61,121 आणि स्त्रिया 8,53,948. फरक 92,827. दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. बाहेरचे लोक हा आकडा बघून म्हणतात, वा, कोकणात मुलींना किती मान! असं काही नाही, मित्रांनो. पुरुष मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, दुबई-कुवेत-सौदीत आहेत, जहाजावर आहेत. जे गावात नाहीत ते गावच्या मोजणीत नाहीत, एवढाच याचा अर्थ. आपल्या समाजात हे आणखी ठळक दिसतं. जिल्ह्यात मुसलमान साधारण अकरा-साडेअकरा टक्के. पण खाडीपट्ट्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात दुपारी फेरी मारा. म्हातारी माणसं, बाया आणि पोरं, आणि मोठ्या मोठ्या बंगल्यांना कुलपं.

तिसरी गोष्ट, हा जिल्हा खरोखर गावांचा आहे. शंभरातली 83-84 माणसं खेड्यात राहतात. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर असे नऊ तालुके, आणि पंधराशेच्या आसपास गावं. एकेक गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. बौद्धवाडी, कुणबीवाडी, मोहल्ला, गुरववाडी, एकीपासून दुसरी एक-दोन किलोमीटर लांब. राज्यात एका चौरस किलोमीटरला सरासरी 365 माणसं, रत्नागिरीत 197. माणसं थोडी, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता, पाइपलाइन, विजेची तार लांबलचक. प्रशासनाची अर्धी डोकेदुखी इथे आहे.

आता प्रशासन. गावात सरकार दोन दारांनी येतं. एक दार महसुलाचं: जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सातबारा, फेरफार, वारस नोंद, पुरानंतरचा पंचनामा हे सगळं या दाराने. दुसरं दार विकासाचं: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. घरपट्टी, पाणी, दिवाबत्ती, गावातले रस्ते, जन्म-मृत्यूची नोंद, प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्र हे या दाराने. निम्मे लोक चुकीच्या दारावर उभे राहतात, दिवस वाया घालवतात आणि 'आपलं कोणी ऐकत नाही' म्हणत घरी जातात. त्यात कधी कधी खरोखरच ऐकलं जात नाही, हे मी नाकारत नाही. पण आधी दार बरोबर आहे का ते बघा.

पहिल्या दारावर निवडून दिलेलं कोणी नसतं. दुसऱ्या दारावर असतं. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत ही त्रिस्तरीय व्यवस्था महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये तिला राज्यघटनेचा आधार मिळाला. मार्च 2022 मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात होता. त्या काळात मोहल्ल्यातल्या चहाच्या दुकानावर मी कोणाला विचारलं की तुमचा जिल्हा परिषद सदस्य कोण, तर लोक जुन्याच सदस्याचं नाव सांगायचे. सदस्यच नाही हे माहीत नव्हतं, कारण असताना त्याच्याशी काही काम पडलेलं नव्हतं.

जिल्हा म्हणजे देवाने आखलेली रेघ नव्हे हेही लक्षात ठेवा. सिंधुदुर्ग हा रत्नागिरीचाच भाग होता. 1 मे 1981 ला तो वेगळा झाला, तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, आपल्याच कोकणातल्या आंबेतचे. कोणीतरी मागणी केली, कोणीतरी सही केली आणि कुडाळ-सावंतवाडीच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं.

आता या लोकसंख्येचा आणि प्रशासनाचा सांधा कुठे आहे ते बघू. समजा तुमच्या गावाची लोकसंख्या 1,600 आहे. ग्रामपंचायतीत सदस्य किती? नऊ. कारण 1,500 पर्यंत सात, त्यापुढे 3,000 पर्यंत नऊ, असं करत सतरापर्यंत. आता तुमच्या गावातली पंचवीस-तीस कुटुंबं निघून गेली आणि आकडा 1,480 वर आला, की सदस्य सात. प्रभाग नव्याने पाडले जातात. मोहल्ल्याचा स्वतंत्र प्रभाग असेल तर तो दुसऱ्या वाडीला जोडला जाऊ शकतो. फार लहान गावं असली तर दोन-तीन मिळून ग्रुप ग्रामपंचायत.

निधीचंही तेच. वित्त आयोगाचे पैसे वाटताना लोकसंख्या हा सर्वांत मोठा निकष असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 80 टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतीला दिला गेला, त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. आरोग्य उपकेंद्र सपाट भागात 5,000 लोकांमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 किंवा 20,000 मागे. शाळेत पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. मुलं कमी झाली की शिक्षकाची बदली, शिक्षक गेला की उरलेली मुलंही तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये. जिल्हा परिषदेच्या किती उर्दू शाळा अशा रिकाम्या होत गेल्या हे तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यात शिकलेली पोरंच इथे बसली आहेत.

म्हणजे गाव रिकामं होतं तेव्हा नुसतं सुनं वाटत नाही, त्याचे हक्कही आकसत जातात. आणि मागे राहतात ती माणसं कोण? ज्यांना दवाखाना, पाणी आणि शाळा यांची सर्वांत जास्त गरज आहे ती.

आता जरा आपल्या घरातलं बोलतो. आपल्या गावांमध्ये एक जुनी, चांगली व्यवस्था आहे, जमात. मशिदीचं बांधकाम, कब्रस्तानची भिंत, गरीब मुलीचं लग्न, कोणाचं ऑपरेशन, सगळ्याला जमात उभी राहते. आखातातून पैसा आला तेव्हापासून काही जमातींनी रस्ते केले, विहिरी खोदल्या, ॲम्ब्युलन्स घेतली. या कामाला माझा सलाम. पण याचा एक परिणाम झाला. मोहल्ल्याला वाटू लागलं की आपलं आपण बघतो, ग्रामपंचायत त्यांची. 'त्यांची' म्हणजे कोणाची? घरपट्टी तुम्ही भरता, पाणीपट्टी तुम्ही भरता, मत तुम्ही देता. मी एका गावात होतो तिथे मोहल्ल्याने पाच लाखांचा चंदा गोळा करून सिमेंटचा रस्ता केला. त्याच वर्षी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शेजारच्या वाडीचा तेवढाच रस्ता सरकारी पैशातून झाला. लोक माझ्याकडे तक्रार घेऊन आले, अन्याय झाला म्हणाले. मी प्रोसिडिंगचं पुस्तक उघडून दाखवलं. त्या वर्षीच्या चारही ग्रामसभांना मोहल्ल्यातून एकाचीही सही नव्हती. शेजारच्या वाडीतले लोक आले, त्यांनी मागणी लिहून दिली, ठराव झाला. भेदभाव कुठे होतच नाही असं मी म्हणत नाही. होतो, आणि तो झाला तर लढलंच पाहिजे. पण लढायला कागद लागतो. मागणीच केली नसेल तर नाकारलं हे सिद्ध कसं करणार?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जमातीच्या मीटिंगला कोण बसतं? पुरुष. मुंबईतून आलेले, आखातातून सुट्टीवर आलेले, गावातले चार ज्येष्ठ. नळाला पाणी किती वाजता येतं हे ज्यांना माहीत आहे त्या बाया तिथे नसतात. ग्रामसभेचं तसं नाही. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य आहे. निवडून यावं लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, असं आपला कायदा सांगतो. हजारामागे 1,122 बाया असलेल्या जिल्ह्यात हा कायदा सोन्यासारखा आहे. आपण तो वापरतो का?

मला एक आपा आठवतात. नवरा कुवेतला, तीन पोरं, सासू अंथरुणावर. महिला ग्रामसभेला त्या एकट्या मोहल्ल्यातून आल्या. बोलल्या एकच वाक्य, की उपकेंद्राची नर्स मंगळवारी येते आणि मंगळवार तालुक्याच्या बाजाराचा दिवस आहे, गाडी मिळत नाही म्हणून घरात कोणीतरी असतं, पण औषध घ्यायला पोचता येत नाही कारण बाजाराच्या दिवशी रिक्षा सगळ्या तालुक्याला गेलेल्या असतात. मी ते जसंच्या तसं लिहिलं. ठराव पंचायत समितीकडे गेला, दीड महिन्यात वार बदलून गुरुवार झाला. एक रुपया खर्च झाला नाही. ही गोष्ट कुवेतमधल्या नवऱ्याला किंवा मुंबईतल्या जमातीच्या सेक्रेटरीला सुचली नसती. त्यांना ती माहीतच नव्हती.

महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या मोहल्ल्यातूनही बाया निवडून येतात. आणि मग खुर्चीवर बसतो 'सरपंचपती'. सही तिची, आवाज त्याचा. मी नोकरीत असताना सरपंचबाईंना कागद पाठवायचो तेव्हा उत्तर नवऱ्याच्या फोनवरून यायचं. इथे बसलेल्या मुलींना सांगतो, पुढच्या निवडणुकीत उभ्या राहा आणि घरच्यांना आधीच सांगा की फोन माझा, खुर्ची माझी. मुलांना सांगतो, बहीण किंवा बायको निवडून आली तर तिला मीटिंगला सोडायला जा, आणि बाहेर थांबा.

राखीव जागांचं आणखी एक. ओबीसींच्या यादीत बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी असे मुस्लिमांमधले अनेक गट आहेत. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचं प्रमाणपत्र आणि वैधता लागते. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी पळापळ करून ती मिळत नाही. आजोबांच्या शाळेचा दाखला आजच शोधून ठेवा.

आता येणाऱ्या मोजणीबद्दल. 2021 ची जनगणना झालीच नाही. आपण अजून 2011 च्या आकड्यांवर चाललो आहोत. आता सरकारने 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख जाहीर केली आहे. आधी घरांची यादी, मग फेब्रुवारी 2027 मध्ये माणसांची मोजणी. 1931 नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार आहे. मोहल्ल्यात याबद्दल भीती आहे, मला माहीत आहे. कोणी म्हणतं दार उघडू नका, कोणी म्हणतं कागद काढून ठेवा. नीट समजून घ्या. जनगणना 1948 च्या कायद्याखाली होते. प्रगणक तुमच्याकडे कुठलाही कागद मागत नाही, तो विचारतो आणि तुम्ही सांगता. तुमची वैयक्तिक माहिती गोपनीय असते. त्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे ती नोंद बघायला कोणाला मिळत नाही, आणि कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. नागरिकत्वाची नोंदवही हा वेगळ्या कायद्याचा, वेगळा विषय आहे. त्यावर तुमचं जे मत असेल ते जरूर मांडा. पण जनगणनेचं दार बंद केलंत तर पुढची दहा वर्षं तुमचा मोहल्ला सरकारी हिशेबात लहान राहील.

मग आकडा वाढवायचा का? मुंबईचा मुलगा गावच्या फॉर्मवर लिहायचा का? नाही. माणूस एकदाच मोजायचा, जिथे तो नेहमी राहतो आणि मोजणीच्या काळात आहे तिथे. आई म्हणेल, माझा मुलगा माझ्याच घरातला. मनाने खरं आहे, पण मुंबईत त्याला पाणी लागतं, लोकल लागते, तिथे त्याची मोजणी व्हायला हवी. पूर्ण काळ परदेशात असलेला माणूस इथे मोजला जात नाही. खोटं लिहून वाढवलेला आकडा शाळेच्या हजेरीपटावर उघडा पडतो.

त्यापेक्षा जे खरोखर गावात आहेत ते सुटणार नाहीत हे बघा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या खाला, ज्या दुपारी शेजारी बसलेल्या असतात. बंदरावरच्या बोटींवरचे खलाशी. आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेलं नेपाळी कुटुंब. डोंगरापलीकडची कातकरी वस्ती. बांधकामावरचे उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर. ही सगळी आता तुमच्या गावची लोकसंख्या आहे. तुमचा आजा जेव्हा परक्या बंदरात उतरला होता तेव्हा त्यालाही कोणीतरी आपल्यात मोजावं असं वाटलंच असेल.

मातृभाषेचा प्रश्न विचारला जातो. आपल्या कित्येक घरांत बोलतात कोकणी ढंगाची मराठी आणि लिहितात उर्दू. तुम्ही घरात आईशी जी बोलता ती सांगा. तुम्हाला येणाऱ्या आणखी दोन भाषाही लिहिता येतात. कोणी सांगेल म्हणून बदलू नका.

नोंदींची आणखी दोन कामं सांगतो. जन्म-मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची, घटना जिथे घडली तिथे. बाळ चिपळूणच्या दवाखान्यात झालं तर नोंद तिथल्या नगर परिषदेत, तुमच्या ग्रामपंचायतीत नाही. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे. आखातात कोणाचं निधन झालं तर नोंद तिथल्या भारतीय दूतावासात होते. मय्यत गावात दफन झाली म्हणून ग्रामसेवक दाखला देऊ शकत नाही. किती विधवा या एका कागदासाठी वर्षानुवर्षं फिरल्या हे मी पाहिलंय. दाखला नाही म्हणून वारस नोंद नाही, वारस नोंद नाही म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, आणि मग दीर म्हणतात तुझा हक्क कुठे लिहिलाय. तिचा हक्क शरीयतही सांगते आणि कायदाही सांगतो. अडतो तो कागदावर.

आता तुम्हाला घरचा अभ्यास. गावी गेलात की तीन कामं करा. पहिलं, ग्रामपंचायतीत जाऊन मागच्या वर्षीच्या ग्रामसभांचं इतिवृत्त आणि या वर्षीचा विकास आराखडा मागा. दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ओरडू नका, पोच घ्या. दुसरं, वर्षातून कमीत कमी चार ग्रामसभा होतात, बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा पुरतो. चारशे मतदारांच्या गावात साठ माणसं. मोहल्ल्यातून वीस जणी आल्या तर सभेचा रंग बदलतो. आई, फुफी, शेजारच्या चाची यांना घेऊन जा. तिसरं, आपल्या मोहल्ल्यात आज रात्री खरोखर किती माणसं झोपतात ते घरोघर जाऊन वहीत लिहा. वय लिहा, कोणाला बीपी-शुगरची गोळी लागते, कोणाला रेशन मिळत नाही तेही लिहा. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा अशी वही असलेली वाडी आणि नसलेली वाडी यांतला फरक एका रात्रीत कळला असता.

ती वही घेऊन पुढच्या ग्रामसभेला जा. प्रश्न विचारा, उत्तर लिहून घ्या, खाली सही करा. काही अडलं तर आयोजकांकडे माझा नंबर आहे. निवृत्त माणूस आहे, फोन उचलतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.